टिटवाळा ते ठाणे, एका श्वासाला एक स्टेशन

टिटवाळ्याला निघाले म्हटल्यावर मिरजेत चार जणांनी मला गणपतीला वाहायला नारळ दिले. मी देवाला नाही, बहिणीकडे चालले आहे, असं सांगून पाहिलं. त्यावर शेजारच्या बाईंनी "मग वाटेतच आहे की" म्हणून पाचवा आणून दिला. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पाच नारळ रात्रभर बाकाखाली गडगडत होते आणि दर वळणावर मला त्यांची जबाबदारी जाणवत होती.

खरं कारण भाच्याचा फोन होता.

"मावशी, तू ये ना. आईला समजवायचंय."

"काय समजवायचंय?"

"माझ्या डोक्यातला एक तुकडा काढायचाय. डॉक्टर म्हणतात काढू, रेश्मा म्हणते काढा. आई म्हणते, तो आपला आहे."

मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. लोकांना नेमकं काय हवंय हे त्यांच्या बोलण्यावरून सहसा कळत नाही, हे तिथे शिकले. म्हणून फोनवर जास्त विचारलं नाही. तिकीट काढलं.

टिटवाळा

माझी धाकटी बहीण सुधा यजमान गेल्यापासून मुलगा अनिकेत आणि सून रेश्मा यांच्याबरोबर राहते. इमारत नवी आहे. फाटकावर दोन ग्रीक पुरुष खांद्यावर कमान पेलून उभे आहेत. त्यांच्या अंगावर कपडे कमी आहेत, म्हणून सोसायटीने सत्यनारायणाच्या वेळी त्यांना उपरणी घातली होती. ती अजून तशीच आहेत. शेजारचा दुसरा टॉवर कागदावर आहे. सुधाच्या बाल्कनीतून त्याच्या जागी म्हशी दिसतात. काही वर्षांनी टॉवर दिसेल आणि म्हशी कागदावर असतील.

अनिकेत एकतीस वर्षांचा आहे. कल्याणला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. शाळेत असल्यापासून त्याला अपस्मार आहे. आमच्याकडे फिट म्हटलं की लोकांना जमिनीवर पडून हातपाय झाडणारा माणूस दिसतो. अनिकेत पडत नाही. तो थांबतो. नजर एका जागी लागते, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलतं आणि उजवा हात शर्टाचं बटण चाचपत राहतो. दुकानात असं झालं तर गिऱ्हाईक बिचारं तक्त्यावरची खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतं.

पहिल्याच दिवशी दुपारी जेवताना ते मी पाहिलं. सुधाने वालाचं बिरडं केलं होतं. त्यात गणपतीच्या पाचांपैकी एक नारळ गेला होता, हे मला वाटीत खोबरं दिसल्यावर कळलं. आता बोलून उपयोग नव्हता. आमच्याकडे आमटीत कांदालसूण मसाला असतो आणि नारळ देवापुढे असतो. इथे उलट. बिरडं उत्तम झालं होतं.

अनिकेतचा घास हातातच राहिला. सुधाने त्याचं ताट मागे ओढलं, पाण्याचा पेला उचलला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चेहऱ्यावरची नजर न हलवता सावकाश म्हणायला लागली, "टिटवाळा. आंबिवली. शहाड. कल्याण. ठाकुर्ली. डोंबिवली. कोपर."

कोपरला अनिकेतचं बटणाशी चाललेलं थांबलं. थोड्या वेळाने त्याने इकडेतिकडे पाहिलं. चांगली पाचेक मिनिटं तो गोंधळलेला होता. मग म्हणाला, "कुठपर्यंत?"

"कोपर," सुधा म्हणाली.

"परवा दिवा स्टेशनपर्यंत गेलेलो." आणि तो जेवायला लागला.

रेश्माने मला समजावलं. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर अँब्युलन्स बोलवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. घड्याळ बघायचं तर मुलावरची नजर काढावी लागते, आणि सुधाला ते मान्य नव्हतं. म्हणून तिने एका श्वासाला एक स्टेशन असा हिशेब बसवला. टिटवाळ्याहून निघून मुंबईत शेवटच्या बोरीबंदरला पोचायचं आणि उलट टिटवाळ्याला यायचं, की साधारण पाच मिनिटं होतात.

"मी मोबाईल लावून चेक केलंय, मावशी," रेश्मा म्हणाली. "आईंची गाडी एकदम टायमावर असते."

"परत आली होती कधी टिटवाळ्यापर्यंत?"

"एकदाच. कॉलेजला असताना," सुधा म्हणाली आणि ताक वाढायला उठली.

भांडण नेमकं काय आहे ते ताकाबरोबर कळलं. तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू असून फिट थांबत नाहीत. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाजवळचा एक भाग खराब आहे. तिथून सगळं सुरू होतं. तपासण्या झाल्या आहेत आणि तो भाग काढता येईल असं डॉक्टरांचं मत आहे. महिनाअखेरची तारीखही दिली आहे. काढलेल्यातला काही भाग तपासणीला जातो. उरलेला संशोधनाला द्याल का, असं त्यांनी विचारलं. अनिकेत लगेच हो म्हणाला. सुधाने मात्र त्या दिवसापासून ऑपरेशनच अडवून धरलं होतं. तुकडा कुठे जातो, कोण सांभाळतं आणि त्याचं काय करतं हे कळल्याशिवाय ती होकार देणार नव्हती.

"देऊ नका मग संशोधनाला. ऑपरेशन तरी होईल," मी म्हटलं.

"मला द्यायचाय," अनिकेत म्हणाला. "इतकी वर्षं त्याने मला छळलं. जरा कोणाच्या कामाला येऊ दे. आणि आईने हो म्हटल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

हट्ट कोणाकडून आला हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

रेश्माला पाचवा महिना आहे. ती आत गेल्यावर अनिकेत हळूच म्हणाला, "मला बाळ उचलायचंय, मावशी. आत्ता मी चहाचा कपपण भरून उचलत नाही."

खडवली

दुसऱ्या दिवशी रेश्माच्या माहेरी जेवायला गेलो. खडवलीला सुधाचं पहिलं बिऱ्हाड होतं. अनिकेत तिथेच जन्मला. स्टेशनवरून रिक्षाने जाताना सुधाने एका रिसॉर्टच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर डॉल्फिन रंगवला होता. नदी इथून जवळ आहे, पण तिच्यात डॉल्फिन असल्याचं ऐकिवात नाही.

"इथे आमचं परसू होतं. शेवग्याखाली याची नाळ पुरलेली," ती म्हणाली. "आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. मुंबईची माणसं येऊन उड्या मारतात."

"आई, मी बघितलं ना, छान तलाव आहे," अनिकेत म्हणाला.

"तू गप्प बस. ताई, याचा एक भाग असा पाण्याखाली गेला. जमीन विकली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आता दुसरा भाग कोणाच्या तरी फ्रीजमध्ये. तिथेपण उद्या कोणी तलाव बांधेल."

मी तिला समजवायला आले होते. त्या रिक्षात पहिल्यांदा वाटलं की तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. कपाट कोणाच्या ताब्यात आहे हे विचारल्याशिवाय मीही कधी दुर्मिळ पोथी कोणाला दिलेली नाही.

रेश्माचे वडील धर्माभाऊ आगरी. पूर्वी शेती होती, आता भाजीचा थोडा मळा आहे. अंगणात तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि पडवळाची भाजी असं जेवण होतं. मला भाजीच वाढली होती, हे पाहून ते अस्वस्थ झाले.

"काय ताय, मिरजेला म्हावरा भेटत नाय?"

"भेटतं. मी मासे खात नाही."

"मंग खाता काय?"

मी भाकरी घेतली. मऊ, पांढरी, घडी करावी तर रुमालासारखी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला स्वतःचं मत असतं. ही ज्याच्याबरोबर खाल त्याचं ऐकते.

विषय निघालाच. धर्माभाऊंनी ताटातली पडवळाची चकती उचलली.

"सुधाताय, पडवलाचा किरका भाग आपून काढून टाकतो ना? त्यो काय कोनी परत मांगाला येतो कं?"

"माझा मुलगा पडवळ नाही," सुधा म्हणाली.

"नाय, नाय. त्यो दुधी हाय. शांत."

अनिकेत हसून हसून खोकायला लागला. सुधा हसली नाही, आणि निघताना धर्माभाऊंनी दिलेलं पडवळही तिने घेतलं नाही. मी घेतलं.

ठाणे

रविवारी ठाण्यात अपस्मारावर एक जनजागरण कार्यक्रम होता. अनिकेतच्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना बोलावलं होतं. ज्या प्रयोगशाळेत तो तुकडा जाणार होता, तिथली संशोधक तिथे बोलणार होती. सुधाने आपल्या चांगल्या साड्यांपैकी एक नेसली. वरपक्षाकडच्या मंडळींना पहिल्यांदा बघायला जाताना जी नेसतात तशातली.

दाराशी पोलिसाच्या काठीइतक्या उंच गुलाबांचे गुच्छ होते. आत व्यासपीठावर इतके पाहुणे होते की मधूनच श्रोत्यांपेक्षा ते जास्त आहेत असं वाटे. समईच्या पाच वाती पेटवायला पाच जण लागले. वातानुकूलनाचा वारा त्या विझवत होता म्हणून ते बंद केलं, आणि मग पाहुण्यांना घाम आला म्हणून चालू केलं. तेवढ्यात सजावटवाल्याने मागच्या पडद्यावरच्या मेंदूच्या चित्रातले रंगीत दिवे सुरू केले. ते वेगाने उघडझाप करायला लागले. पहिल्या रांगेतून अनिकेतचे डॉक्टर उडी मारून उठले आणि स्वतः जाऊन बटण शोधायला लागले. उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी सगळ्यांना नाही, पण काही जणांना फिट येते. अपस्माराच्या कार्यक्रमात असे दिवे लावणं म्हणजे मधुमेहींच्या मेळाव्यात बुंदी वाटण्यासारखं. बुंदी नंतर जेवणात होती.

मग शाली झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं की हा आजार लवकरच हद्दपार होणार आहे. आपल्या विभागातून आधी, असं त्यांच्या बोलण्यात होतं. दुसऱ्या एका पाहुण्यांनी आनुवंशिक शास्त्राला सोन्याची खाण म्हटलं. तिसऱ्यांनी आधीच्या दोघांना दुजोरा दिला. सुधा प्रत्येकाचं लक्ष देऊन ऐकत होती. "तुकड्याबद्दल कोणी बोलत नाही," ती मला म्हणाली.

संशोधक मुलीच्या वाट्याला शेवटची सात मिनिटं आली. नाव नेहा. डोंबिवलीची, तिशीची, साधा सुती कुडता. तिने पडद्यावर आणलेली चित्रं बघितली, घड्याळ बघितलं आणि चित्रं न दाखवता बोलायला लागली.

"आपल्या पेशीत प्रथिनं बनतात, ती आर.एन.ए.वर उतरवलेल्या मजकुरावरून. म्हणजे आर.एन.ए.चं काम प्रथिन बनवायला सांगणं, असं आम्ही बरीच वर्षं मानत आलो. पण पुष्कळसे आर.एन.ए. असे सापडले की त्यातून प्रथिन बनतच नाही. त्यातल्या लांबलचक साखळ्यांकडे मी बघते. पूर्वी लोक त्यांना कचरा म्हणायचे. आता तुम्ही स्टेशनवर उभे आहात असं समजा. अनाउन्समेंट करणारी बाई गाडी बनवत नाही, चालवत नाही. तिचा तसा काही उपयोग नाही. पण तिने नुसतं म्हटलं की गाडी दोनऐवजी पाच नंबरवर येईल..."

सभागृहात ठाणे जिल्ह्यातली माणसं होती. तिला वाक्य पुरं करावं लागलं नाही.

"हे आर.एन.ए. तसे आहेत. कुठलं जनुक चालू राहील, कुठलं दबेल, हे ते ठरवतात. मेंदूच्या पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात, त्यातून क्षार आत-बाहेर करतात आणि पेशी पेटते किंवा शांत होते. ती दारं किती असावीत, यावर काही आर.एन.ए.चा ताबा असतो. अनाउन्समेंट चुकली की ज्या पेशीने गप्प बसायचं ती पेटते, शेजारणीला पेटवते, आणि सगळी गर्दी एका दिशेला धावते. अपस्मार असलेल्यांच्या मेंदूत काही अनाउन्समेंट वाढलेल्या दिसतात, काही कमी झालेल्या."

तिने पुन्हा घड्याळ बघितलं. "त्यामुळे फिट येते, की फिट येऊन येऊन तसं होतं, हे आम्हाला अजून नीट माहीत नाही."

व्यासपीठावर चुळबुळ झाली. सूत्रसंचालकांनी लगेच माइक घेऊन नेहाताईंनी अपस्मारावर उपाय शोधल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. ते दिवसभर स्वतः काही सांगत नव्हते, पण कोण बोलेल आणि कोण गप्प बसेल हे तेच ठरवत होते. मला विषय तेव्हा नीट समजला.

जेवणाच्या रांगेत बुंदीपाशी अनिकेत थांबला. दिव्यांना त्याने दाद दिली नव्हती, भाषणांनाही नाही. हातात डाव घेऊन नुसता उभा राहिला आणि उजव्या हाताची बोटं बटणावर गेली.

"टिटवाळा," सुधा म्हणाली. "आंबिवली."

मागच्या माणसाला उशीर होत होता. "ओ दादा, चला ना पुढे," तो म्हणाला, आणि मग काय चाललंय हे कळून ओरडला, "अरे, फिट आली! चप्पल आणा कोणीतरी!" छातीवर जनजागरणाचा बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक खरंच आपली चप्पल काढून धावत आला. दुसऱ्याने कांदा आणला. तो कोशिंबिरीसाठी चिरलेला होता.

"शहाड. चप्पल खाली ठेवा. कल्याण," सुधा म्हणाली. आवाज एवढासुद्धा वाढला नव्हता. "ठाकुर्ली. कांदा पण. डोंबिवली."

गर्दी बघत होती. नेहा रांगेतून बाहेर आली होती. तिने काही केलं नाही. सुधाने अनिकेतच्या हातातून डाव सोडवला, तेव्हा तिने तो घेतला आणि मोकळी खुर्ची मागे आणून ठेवली. मुंब्र्याला अनिकेत खुर्चीत बसला.

बऱ्याच वेळाने, तो डोळे मिटून पडला असताना, नेहाने विचारलं, "काकू, स्टेशनं कशाला?"

सुधाने सांगितलं. नेहाने मनातल्या मनात बोरीबंदरला जाऊन यायचा हिशेब केला असावा, कारण ती म्हणाली, "भारी आहे हे."

"तो तुकडा तुमच्याकडे येणार का?"

"तुम्ही अनिकेतची आई! डॉक्टर म्हणाले होते. हो, काकू. तुम्ही दिलात तर."

"कुठे ठेवता? बघू."

ठाण्यातच, फ्रीजसमोर

प्रयोगशाळा रिक्षाने जवळ होती. रविवार असल्यामुळे रिकामी. आम्हाला काचेच्या अलीकडे उभं केलं. या आर.एन.ए.ला हातावरचा घामसुद्धा चालत नाही, क्षणात विरघळून जातात, म्हणून सगळं वेगळं असतं, असं नेहाने सांगितलं. हातमोजे वेगळे, नळ्या वेगळ्या, बाकावर दुसऱ्या कामाचं काही ठेवायचं नाही, कोणी शिवायचं नाही.

"आमच्या मोठ्या आत्यासारखं," सुधा मला म्हणाली. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाला. एवढं कडक सोवळं तिने त्या आत्यानंतर पाहिलं नव्हतं.

फ्रीज कपाटाएवढा होता. आत उणे ऐंशी. सुधाने काचेला नाक लावून तो पाहिला.

"डबीवर नाव काय लिहिता?"

"नाव नाही लिहीत. नियम आहे. नंबर असतो."

"त्याला नाव आहे."

"त्याचा नंबर कुठला, हे मला माहीत असणार नाही, काकू. कोणालाच नाही. म्हणूनच कोणी त्याच्याबद्दल बोलू शकत नाही."

मग सुधाने खरा प्रश्न विचारला.

"लाइट गेली तर?"

टिटवाळ्यात हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मीही नेहाकडे पाहायला लागले.

"जनरेटर आहे. तो चालू झाला नाही तर फ्रीज माझ्या मोबाईलवर अलार्म पाठवतो. मग मी येते."

"डोंबिवलीहून?"

"हो."

"कधीही?"

"मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या हळदीतून आलेले. तशीच, पिवळी. सगळं उचलून दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवलं, मग परत गेले. आई अजून बोलते त्यावरून."

"बोलणारच," सुधा म्हणाली. मग हळूच, मोजल्यासारखं, "डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. तेवढ्यात खराब होत नाही?"

"दार उघडलं नाही तर नाही होत."

"आणि काम झाल्यावर उरलं तर परत देता?"

"उरत नाही, काकू. संपतं. आणि त्यातून अनिकेतला काही फायदा होईल, असं मी सांगणार नाही. त्याला ऑपरेशनचा होईल. याचा झाला तर पुढच्या कोणाला तरी होईल. कदाचित नाहीसुद्धा होणार."

अनिकेत आईकडे बघत होता. दिवसभर व्यासपीठावरून प्रत्येक जण कसलं ना कसलं आश्वासन देत होता. ही मुलगी पहिलीच, जिने काही दिलं नाही. सुधाने पर्समधून रुमाल काढला आणि काचेवरचा आपल्या नाकाचा डाग पुसला.

"हळदीतून आलीस," ती म्हणाली. "मग ठेव. पण नीट ठेव."

परतताना रेश्माने वडिलांना फोन करून सांगितलं. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "पडवल पाठवू कं?" सुधा म्हणाली, पाठवा.

मिरज

मी परत आले त्याला तीन महिने झाले. उरलेले चार नारळ टिटवाळ्याच्या गणपतीला पोचले. पाचव्याबद्दल शेजारच्या बाईंना मी सांगितलेलं नाही.

ऑपरेशन झालं. गोळ्या चालू आहेत आणि बराच काळ राहतील. डॉक्टर अजून "बरा झाला" हे शब्द वापरत नाहीत. मला ते डॉक्टर आवडतात. टिटवाळ्यात लाइट गेली की सुधा नेहाला फोन करते. ठाण्याची वीज वेगळी आहे, हे नेहाने तिला समजावून पाहिलं. आता ती नुसतं "हो काकू, चालू आहे" म्हणते. त्या डबीत अजून काही उरलंय का, हे दोघीही बोलत नाहीत.

काल रेश्माचा फोन होता. संध्याकाळी चहा झाल्यावर अनिकेत बाल्कनीत उभा होता. हात कठड्यावर, नजर समोर लागलेली, काही बोलेना. आतून सुधा धावत आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणायला लागली, "टिटवाळा. आंबिवली. शहाड."

कल्याण यायच्या आत अनिकेतने मान वळवली.

"आई," तो म्हणाला, "मी म्हशी बघतोय."